जुलाब थांबल्यानंतरचे आजारपण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या हातापायांतले बळ घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले, विहिरीच्या पाण्याविषयी प्रश्न उपस्थित झाले, आणि काही महिन्यांत विषय मागे पडला. त्या साथीची उजळणी करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. दूषित पाण्याने ज्यांना नुसते जुलाब झाले, हातापायांतले बळ गेले नाही आणि जे चार-आठ दिवसांत 'बरे' झाले, त्यांच्या पोटाचे पुढे काय होते, याकडे आपल्या वाचकांचे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा प्रपंच. त्यांतील काहींचे पोट पुढे कित्येक वर्षे ताळ्यावर येत नाही, याचा भक्कम पुरावा कॅनडातील एका गावाने जगासमोर ठेवला आहे.

ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतातले शेणखत वाहून एका उथळ विहिरीच्या पाण्यात मिसळले. पाण्यात पुरेसा क्लोरिन पडत नव्हता आणि क्लोरिनच्या नोंदी खोट्या भरल्या जात होत्या, हे पुढे चौकशीत उघड झाले. ई. कोलायची एक घातक जात आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हे दोन्ही जंतू नळावाटे घराघरांत पोचले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली आणि सात दगावली. इथवर ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. वेगळेपण पुढे आहे. हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठातील डॉक्टरांनी दोन वर्षांनंतर त्या गावात जाऊन माणसांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. ज्यांना आधीपासून पोटाची तक्रार होती त्यांना वगळून उरलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांत त्यांनी इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे, म्हणजे आयबीएसचे, प्रमाण मोजले. साथीत ज्यांना काहीच झाले नव्हते त्यांच्यात ते १०.१ टक्के निघाले, आणि ज्यांना जुलाबाचा आजार झाल्याचे वैद्यकीयदृष्ट्या मानले गेले होते त्यांच्यात ३६.२ टक्के. आठ वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा आजारी पडलेल्यांतील प्रमाण १५.४ टक्क्यांवर उतरले होते, पण साथीतून सुटलेल्यांत ते ५.४ टक्केच होते. म्हणजे बरेच लोक कालांतराने सावरले. तरीही एका पावसाळी आठवड्यात प्यायलेल्या पाण्याचा हिशेब आठ वर्षांनीही पुरता चुकता झाला नव्हता.

आयबीएस हे नाव आता शहरी वाचकांच्या कानावरून गेलेले असते, पण ते वाटेल त्या अपचनाला लावले जाते. डॉक्टर ज्यांचा आधार घेतात त्या रोम निकषांच्या २०१६ मधील चौथ्या आवृत्तीनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखले पाहिजे. ते दुखणे शौचाशी निगडित असणे, शौचाला जाण्याची वारंवारिता बदलणे आणि मळाचे स्वरूप बदलणे या तीन गोष्टींपैकी दोन तरी असल्या पाहिजेत. आणि तक्रारीला किमान सहा महिने झालेले असले पाहिजेत. काहींना मुरडा येऊन जुलाब होतात, काहींचा कोठा जड असतो, तर काहींचे आज एक आणि उद्या दुसरे असे चालते. पोट फुगणे, गुबारा धरणे हे तर बहुतेकांच्या पाचवीलाच पुजलेले.

मी पुण्यात अनेक वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारा एक एसटी चालक (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) पहाटे गाडी काढण्यापूर्वी चहासुद्धा घेत नाही. वाटेतल्या कोणत्या थांब्यावरचे शौचालय किती वाजता उघडते हे त्याला तोंडपाठ आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीपासून कोलोनोस्कोपीपर्यंतचे अहवाल घडी पडून पडून फाटायला आले आहेत, आणि त्या प्रत्येकावर 'नॉर्मल' असा शेरा आहे. हे सारे सुरू कधी झाले, असे विचारले की तो अडखळत नाही: भावकीतल्या एका लग्नात पंगतीला बसलेल्या कित्येकांना जुलाब लागले, बाकीचे सावरले, त्याचे पोट मात्र त्या दिवसापासून बिनसले ते बिनसलेच. एका मोठ्या रुग्णालयात त्याला सांगण्यात आले की तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेणे सोडा. जीबीएसने पाय लुळे पडलेल्या रुग्णाला असे कोणी सांगेल का?

ही तुलना मी मुद्दाम करतो आहे. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवर तुटून पडतात आणि जीबीएस होतो. येथे अपाय होतो तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेकडून, आणि तोही जंतू निघून गेल्यावर. आयबीएसच्या बाबतीत, निदान त्याच्या एका मोठ्या गटात, प्रतिकारयंत्रणेचीच चूक आतड्याच्या अस्तरापुरती आणि सौम्य स्वरूपात घडत असते, असे गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन सांगते. फरक इतकाच की ती क्ष-किरणांत दिसत नाही आणि साध्या दुर्बिणीतही दिसत नाही.

ती दिसते कोठे? नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब होऊन गेलेल्या माणसांच्या गुदाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे वेळोवेळी काढून तपासले. सूज ओसरली होती, अस्तर वरून निरोगी दिसत होते; परंतु टी-लिम्फोसाइट या प्रतिकारपेशी आणि सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशी यांची संख्या वाढलेली होती, आणि काहींच्यात ती वर्ष उलटून गेल्यावरही उतरलेली नव्हती. सेरोटोनिन म्हटले की लोकांना मेंदू आठवतो, पण शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यातच तयार होते आणि आतड्याची हालचाल व संवेदना यांवर त्याचा थेट प्रभाव असतो. पुढे २००४ मध्ये इटलीतील बोलोन्या विद्यापीठातील जोव्हान्नी बार्बारा आणि सहकाऱ्यांनी मास्ट पेशींकडे लक्ष वळवले. या पेशींत हिस्टामिन, ट्रिप्टेज यांसारख्या रसायनांचे कण ठासून भरलेले असतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा त्वचेत याच पेशी फुटलेल्या असतात. आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात त्या संख्येने अधिक तर होत्याच, शिवाय मज्जातंतूंना जणू खेटून बसलेल्या होत्या. आणि मज्जातंतूलगत असलेल्या मास्ट पेशी जितक्या जास्त, तितके रुग्णाचे पोटदुखणे तीव्र आणि वारंवार, असा संबंध त्यांना आढळला. नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या बायोप्सीत मास्ट पेशी सहज नजरेतून सुटतात, त्यांच्यासाठी खास रंगद्रव्ये वापरावी लागतात. त्यामुळे आमच्या एसटी चालकाच्या अहवालावरचा 'नॉर्मल' हा शेरा खोटा नसला, तरी त्याचा अर्थ 'काही झालेले नाही' असा काढणे चूक आहे. उलट बाजूही सांगायला हवी: निरोगी माणसे आणि रुग्ण यांच्यातील मास्ट पेशींची संख्या एकमेकांत इतकी मिसळलेली असते की केवळ त्या मोजून निदान करता येत नाही, आणि त्यासाठी कोणी बायोप्सी सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

यापुढची कडी बेल्जियममधील लोव्हेन विद्यापीठातून, गी बूकस्टान्स यांच्या गटाकडून आली. त्यांचा २०२१ मधील शोधनिबंध मला या विषयातला सर्वांत उद्बोधक वाटतो. उंदरांना आतड्याचा जिवाणू संसर्ग झालेला असतानाच त्यांनी अंड्यातील एक प्रथिन खाऊ घातले. संसर्ग बरा होऊन काही आठवडे लोटल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले, तर उंदरांचे पोट दुखू लागले. संसर्ग न झालेल्या उंदरांना त्याच प्रथिनाने काहीही झाले नाही. संसर्गाच्या धामधुमीत प्रतिकारयंत्रणेने निरुपद्रवी अन्नालाही शत्रूंच्या यादीत टाकले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे आतड्याचे झाले होते. त्या अन्नाविरुद्धची आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडे रक्तात नव्हती, केवळ आतड्याच्या अस्तरात होती. ती मास्ट पेशींना चेतवत होती, मास्ट पेशी हिस्टामिन सोडत होत्या आणि हिस्टामिनमुळे वेदनेचे मज्जातंतू हळवे होत होते. मग त्यांनी आयबीएसच्या १२ रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गहू, ग्लूटेन, सोया आणि दूध यांतील प्रथिने सूक्ष्म प्रमाणात टोचून पाहिली. बाराही जणांच्या अस्तरावर निदान एका पदार्थाने सूज आली. आठ निरोगी स्वयंसेवकांपैकी ती फक्त दोघांना आली. संख्या लहान आहे, हे मान्य. पण 'डॉक्टर, मला पोळी बाधते' म्हणणाऱ्या आणि त्वचेची व रक्ताची ॲलर्जी चाचणी कोरी आल्यामुळे खोटे ठरवल्या गेलेल्या रुग्णांचे म्हणणे त्यामुळे एकाएकी विचार करण्याजोगे ठरले.

या शोधाचा औषधाच्या अंगाने उपयोग किती? याच गटाने एबॅस्टिन हे हिस्टामिनविरोधी औषध, जे आपल्याकडे शिंका आणि गांधींसाठी वापरात आहे, २०२ रुग्णांवर बारा आठवडे पारखले. वेदना आणि एकंदर त्रास या दोन्हींत ठरवलेल्या पातळीपर्यंत सुधारणा औषध घेणाऱ्यांपैकी शंभरात बाराजणांना झाली, बिनऔषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी चौघांना. फरक खरा आहे, पण माफक आहे. शिवाय आतड्याच्या सुजेवरचे मेसालाझिन आणि स्टेरॉइड प्रकारातले प्रेडनिसोलोन यांच्या चाचण्यांत आयबीएसच्या रुग्णांना फायदा दिसलाच नाही. तेव्हा प्रतिकारपेशींचा हात आहे, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावीत, असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही.

आता जिवाणूंविषयी. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या संख्येइतकेच किंवा थोडे अधिक, आणि त्यांतील बहुसंख्यांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. जुलाबाच्या आजाराने आणि त्यावर घेतलेल्या प्रतिजैविकांनी ही वस्ती विस्कटते. कॅनडातील मॅकमास्टर आणि क्वीन्स या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की आयबीएसच्या काही रुग्णांच्या आतड्यातील क्लेब्सिएला एरोजेन्स हा जिवाणू स्वतःच मोठ्या प्रमाणावर हिस्टामिन तयार करतो. अशा रुग्णांचे जिवाणू निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत सोडल्यावर उंदरांचे आतडे वेदनेला अधिक संवेदनशील झाले, आणि त्या हिस्टामिनच्या ओढीने मास्ट पेशी आतड्याच्या अस्तरात गोळा झाल्या. म्हणजे प्रतिकारपेशी आणि जिवाणू ही दोन स्वतंत्र कारणे नसून एकाच साखळीच्या कड्या असू शकतात. त्याच उंदरांना आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी असलेला आहार दिला, तर हिस्टामिनही घटले आणि वेदनाही.

येथे हा विषय आपल्या स्वयंपाकघरात येतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने प्रचारात आणलेल्या, फॉडमॅप कमी असलेल्या आहारात नेमकी अशीच कर्बोदके टाळली जातात: कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, पिकलेला आंबा. कांदा-लसणाच्या वाटणाशिवाय ज्या घरात आमटी होत नाही, तेथे हे पथ्य सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. सुदैवाने भात आणि ज्वारीची भाकरी बहुतेकांना सोसते, आणि लसूण तेलात परतून काढून टाकली तर स्वाद उतरतो पण त्रासदायक कर्बोदके तेलात विरघळत नाहीत. अडचण अशी की अनेकजण मोबाइलवर यादी वाचून हे सारे पदार्थ कायमचे सोडून देतात. हा आहार दोन ते सहा आठवड्यांसाठी असतो. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते पाहायचे असते. तो अनिश्चित काळ चालवला तर आतड्यातील उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया कमी होतात, म्हणजे ज्यासाठी अट्टहास केला तेच हातचे जाते.

जिवाणूंच्या नावावर जो बाजार उभा राहिला आहे त्याबद्दल माझे मत कडक आहे. रिफॅक्सिमिन या आतड्यातच राहणाऱ्या प्रतिजैविकाच्या दोन मोठ्या चाचण्या मिळून १,२६० रुग्णांवर झाल्या. दोन आठवड्यांच्या उपचारानंतर ४०.७ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, पण बिनऔषधाच्या गोळ्यांनीही ३१.७ टक्क्यांना पडला होता. निरोगी माणसाच्या मळातील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराने नॉर्वेतील २०२० च्या चाचणीत, एकाच काळजीपूर्वक निवडलेल्या दात्यामुळे, थक्क करणारे यश आले. तर डेन्मार्कमध्ये २०१८ च्या चाचणीत कॅप्सूलमधून दिलेल्या अशाच उपचारापेक्षा बिनऔषधाच्या कॅप्सूलच सरस ठरल्या. जेथे तज्ज्ञांचे निष्कर्ष असे दोन टोकांना आहेत, तेथे घरपोच डबीत मळाचा नमुना मागवून 'तुमच्या जिवाणूंचा आलेख' देणाऱ्या आणि त्यावरून महागड्या प्रोबायोटिक गोळ्या गळ्यात मारणाऱ्यांवर पैसे उधळण्यात अर्थ नाही. रक्तातील आयजीजी प्रतिपिंडांवरून अन्न बाधते की नाही ते सांगणाऱ्या चाचण्याही तशाच. ती प्रतिपिंडे माणसाने तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगतात.

मग मनाचा काही संबंधच नाही का? आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेफील्ड येथे जुलाबाने रुग्णालयात आलेल्यांचा पाठपुरावा केला असता, आजारापूर्वीच्या काळात ज्यांच्या आयुष्यात ताणाचे प्रसंग घडले होते त्यांच्यात आयबीएस अधिक उरला. परंतु ऑस्ट्रेलियातील बारा वर्षांच्या एका अभ्यासात रस्ता दुहेरी निघाला: सुरुवातीला चिंता असलेल्यांना पुढे पोटाचे विकार जडले, तसेच सुरुवातीला मन स्वस्थ पण पोट बिघडलेले असणाऱ्यांना पुढे चिंतेने गाठले. ज्याला बसथांब्यावरचे शौचालय उघडे असेल ना, याच विवंचनेत रोज गाडी हाकावी लागते, त्याने टेन्शन घेऊ नये हा सल्ला मला तरी थट्टा वाटतो.

आमच्या व्यवसायाकडूनही एक अपेक्षा आहे. संसर्गजन्य जुलाबानंतर साधारण दहातील एकाला आयबीएस उरतो, आणि आजाराच्या वेळी प्रतिजैविके घेतलेल्यांत ही शक्यता अधिक असते, असे अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिसले आहे. तरीही दोनदा पातळ झाले की नॉरफ्लोक्सासिन आणि टिनिडाझोलची जोडगोळी, आणि महिनाभराने पुन्हा तक्रार आली की 'जुनी आमांश' म्हणून मेट्रोनिडाझोलचा आणखी एक कोर्स, ही रीत आपल्या गल्लोगल्ली चालू आहे. साध्या जुलाबाला ओआरएस आणि झेपेल तसे अन्न पुरते. रक्त पडत असेल किंवा ताप जास्त असेल तर गोष्ट निराळी. तसेच आयबीएसचा शिक्का मारण्याचीही घाई नको. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, हिमोग्लोबिन उतरणे, झोपेतून उठवणारे जुलाब, रेंगाळणारा ताप किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असेल तर आतड्याचा क्षय, कर्करोग, सिलिॲक (गव्हातील ग्लूटेनमुळे होणारा आजार) आणि आतड्याचे अन्य दाहक आजार आधी वगळले पाहिजेत. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून दुर्मीळ झालेला नाही.

महापालिकेकडे माझी मागणी खर्चिक नाही. जीबीएसच्या रुग्णांची मोजदाद झाली, कारण ते अतिदक्षता विभागात होते. ज्यांना केवळ जुलाब झाले ते बहुतेक घरी किंवा आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात औषध घेऊन बरे झाले. त्यांची यादी कोठे असणार? परंतु घरोघरी जाऊन ती आजही करता येईल. आशा कार्यकर्त्यांच्या हाती रोम निकषांवर आधारलेली एका पानाची मराठी प्रश्नावली द्यावी. साथ झालेल्या पट्ट्यातील आणि वेगळ्या स्रोतातून पाणी मिळणाऱ्या भागातील घरे सारख्याच संख्येने निवडावीत. त्या जानेवारीत जुलाब झाले होते का, औषध कोणते घेतले होते आणि आज पोट कसे आहे, एवढे विचारावे. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहेत. सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून प्रबंधाचा विषयही मिळेल. वॉकर्टनमध्येही हे काम साथीनंतर दोन वर्षांनी सुरू झाले होते, तेव्हा उशीर झाला ही सबब चालणार नाही. मधल्या काळात त्या भागातील ज्या वाचकांचे पोट साथीपासून बिघडलेले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना तक्रार कधीपासून सुरू झाली हे आवर्जून सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, पुणे